कुलपातलं पाणी

मनुका भिजत घातल्या की मला अजून भीती वाटते.

कुणाला सांगितलं तर हसेल. काळ्या मनुकांना कोण भितं? पण चैत्र लागला, कडुलिंबाचा मोहर अंगणात पडू लागला आणि कुणी पातेल्यात मनुका ओतून वर पाणी घातलं, की माझा घसा कोरडा पडतो. मनुका फुगत जातात, पाणी आधी फिकट, मग तांबूस होतं, आणि तो आंबटगोड वास घरभर पसरतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षारस म्हणून हेच पाणी असतं. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या आणि धुतलेल्या मलमलीतून गाळायच्या. विलायती द्राक्षारस आम्हाला परवडत नाही, आणि दारू मेजावर ठेवणं आम्हाला पटत नाही.

आज मनुका निवडून माझ्यापुढे ठेवल्या आहेत. पाणी अजून घातलेलं नाही. आणि सकाळपासून वस्तीच्या विहिरीकडून हातोड्याचा आवाज येतो आहे. विहिरीच्या कुंपणाला नवं फाटक बसवताहेत. ‘गुरं आत येतात म्हणून,’ असं पंच म्हणाले. मी मान हलवली. पण त्या विहिरीला फाटक असणं म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलं आहे.

तेव्हा मी मॅट्रिकच्या वाटेवर होते. बाबा मिशनची पत्रकं वाटायचे. रामकुंडाच्या बाजूला, स्टेशनवर, सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांमध्ये उभे राहून ते हाका मारत, आणि घरी आले की मुके होत. मी पत्रकांवर वाढले असं म्हणते तेव्हा तो अलंकार नाही. न खपलेल्या पत्रकांचे गठ्ठे हेच आमच्या घरातलं सामान होतं. गठ्ठ्यावर बसून जेवायचं, गठ्ठ्याला टेकून अभ्यास करायचा, गणितं सोडवायला मागची कोरी बाजू. अक्षरं मी तिथंच शिकले. माझा ‘प’ पतंगाचा नव्हता, पापाचा होता. पत्रकाला कधी शंका नसते, त्याला फक्त उद्गारचिन्ह असतं. खोटा शिष्य कसा ओळखावा यावरही एक पत्रक होतं. त्याचे डोळे कोरडे असतात, जिभेवर मध असतो, प्रार्थनेत त्याचं मन नसतं, असं त्यात लिहिलं होतं. ते मला तोंडपाठ होतं. त्या चैत्रात त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या वर्षी पंचवटीत रामाच्या देवळाच्या दाराशी सत्याग्रह चालला होता. ज्यांना देवळाची पायरीसुद्धा मना होती ती माणसं दारात येऊन बसली होती. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली, आणि नंतर कितीतरी दिवस गावात माणसं मीठ मागतानाही आवाज उतरवून मागत. उन्हानं रस्ते पांढरे पडले होते. शाळेतून येताना मी भिंतीच्या कडेकडेनं चाले. मागून चपलांचा आवाज आला की थांबून त्या माणसाला पुढे जाऊ देई. आम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतो, आणि भीती अशाच माणसाला जास्त वाटते. वस्तीत वरच्या जातीतून आलेली दोनचार घरं होती, ती लग्नं ठरवताना आपलं मूळ आठवून आठवून सांगत. बाकीचे आपलं मूळ सांगत नसत. दोन पिढ्यांपूर्वी आमच्यातले बहुतेक जण ज्या वाड्यांतून आले, तशीच एक वाडी नासर्डी नदीच्या पलीकडे होती, आणि आम्ही तिच्याकडे बोटानं न दाखवता नुसतं ‘पलीकडे’ म्हणायचो.

पलीकडची माणसं सत्याग्रहाला गेली म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांचं पाणी तोडलं. आधीसुद्धा त्यांना विहिरीला शिवू देत नसत. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं, एवढंच होतं. तेही बंद झालं. मग एका सकाळी वाडीतली ठकूबाई आमच्या विहिरीवर आली. थोराड, तोंडाळ बाई. लांबूनच ओरडली, “सलाम वो बायांनो! पानी घ्यायला आलोय. नाय म्हनायचं आसंल तर आत्ताच म्हना, घागर भरल्यावं नका म्हनू.”

कुणी नाही म्हणालं नाही. चारदोन दिवस विहिरीवर अशी गर्दी होती की रहाटाची कुरकुर दुपारीही थांबत नव्हती. पोरं चिखलात नाचत होती. माझी आई, जी आयुष्यात कधी मोठ्यानं हसली नव्हती, ती ठकूबाईच्या एका चावट बोलण्यावर पदर तोंडात कोंबून हसली होती. तो आवाज मला अजून आठवतो, कारण त्यानंतर सगळे आवाज बदलले.

आधी दूधवाला यायचा बंद झाला. मग किराणावाल्यानं बाबांना सांगितलं, “पत्रकं वाटता ते ठीक आहे. पाणी वाटायला लागलात तर आमच्याकडे येऊ नका.” मग एका संध्याकाळी शाळेच्या कौलांवर दगड पडला. एकच. खडखडत खाली आला आणि अंगणात गप्प पडून राहिला. कुणी त्याला हात लावीना.

जीवनरावांनी पंचांची बैठक घेतली. जीवनराव म्हणजे शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे थोरले पंच. उंच, देखणे, पांढऱ्या कोटातले. प्रार्थना करायला उभे राहिले की त्यांच्या गालांवरून पाणी ओघळे आणि ऐकणाऱ्यांनाही रडू फुटे. मी लहान असताना ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून ते तसेच रडले होते. ते बैठकीत म्हणाले, “आपण मूठभर माणसं. उद्या वस्ती पेटली तर पोरांना घेऊन कुठं जाणार? पाणी आपण तोडत नाही, थोडे दिवस थोपवतो आहोत. आणि त्या तहानलेल्या जिवांसाठी रोज प्रार्थना करू.”

विहिरीभोवती तारेचं कुंपण होतंच. त्याला लाकडी फाटक होतं, त्यावर कुलूप आलं. किल्ली जीवनरावांच्या कोटाच्या खिशात. वस्तीसाठी सकाळी फाटक उघडायचं, आणि पाणी भरून झालं की बंद. आणि ठरल्याप्रमाणे रोज दिवस मावळताना आम्ही सगळे त्या कुंपणाशीच सतरंज्या टाकून प्रार्थनेला बसू लागलो. पलीकडच्यांना पाणी मिळावं म्हणून! आत विहीर. मध्ये कुलूप. बाहेर आम्ही डोळे मिटून. तेव्हा हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. मलासुद्धा भीतीच एवढी होती की विचित्र वाटायला जागा उरली नव्हती.

एकदा प्रार्थना चालू असताना ठकूबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन समोर येऊन उभी राहिली. जीवनरावांचं आमेन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “आमच्यासाठी पानी मागताय म्हनं. कुनाकडं मागताय वो मास्तर? चावी तर तुमच्या खिशात हाय.”

कुणीतरी खोकलं. जीवनरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “बाई, आमचं काळीज तुटतं आहे.”

“तुटू द्या की,” ठकूबाई म्हणाली. “कुलूप तुटलं तर सांगा.”

ती गेली. मी बाबांकडे पाहिलं. ते आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते. त्यांच्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता आणि वरच्या पत्रकाचा मथळा ठळक अक्षरांत होता: ‘तहान!’

या सगळ्यात राहेलमावशी कुठं होती? ती होती, पण ती कुठंही असली तरी दिसायची नाही. प्रार्थनामंदिरामागच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत, पंचांच्या मर्जीनं ती राहायची. लहानपणी दुष्काळात पेठच्या डोंगरातून कुणाच्यातरी बैलगाडीला धरून चालत आलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची प्रार्थना इतकी आखूड असे की आपण डोळे मिटेपर्यंत संपायची. ‘प्रभू, आजचं बघ. आमेन.’ आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. मेजाची भाकर आणि प्याला तयार करणं हे तिचं काम, आणि त्या वर्षी मी पहिल्यांदाच प्रभुभोजनाच्या मेजाशी जाणार होते म्हणून मनुकांचे देठ काढायला आईनं मला तिच्याकडे पाठवलं.

पवित्र आठवड्यातला बुधवार होता. दुपारी मावशीनं घागर घेतली आणि विहिरीकडे न जाता नासर्डीची वाट धरली. मी मागोमाग गेले. पात्रात पाणी नव्हतं, नुसती वाळू आणि गोटे. वाडीतल्या बायांनी वाळूत हातभर खड्डा उकरून झिरा केला होता. तळाशी गढूळ पाणी पाझरायचं, ते करवंटीनं भरायचं, मग पुन्हा पाझरायची वाट बघत बसायचं.

ठकूबाईनं मावशीला बघून जागा केली. “ये गं बाटगे. तुझ्या देवाची हीर आटली काय?”

“हीर हाय तशीच,” मावशी म्हणाली आणि वाळूत बसली. “देवच भायेर ऱ्हायलाय.”

ठकूबाई हसली नाही. तिनं आपली करवंटी मावशीच्या हातात दिली.

परत येताना माझ्या लक्षात आलं की हे पाणी कशासाठी आहे. त्या उन्हाळ्यात पटकीच्या बातम्या येत होत्या. गढूळ पाणी म्हणजे पटकी, आणि पटकी म्हणजे एका दिवसात माणूस चिपाडासारखं होऊन मरतं, हे आम्हाला शाळेत तक्त्यावर दाखवलं होतं.

“मावशी, या पाण्यानं पटकी लागेल.”

“उकळते नं.” ती चुलीत काटकी सारत होती. “वाडीतली पोरं न उकळताच पेत्यात. त्यांचं भ्याव नाय वाटलं तुला?”

मी एका मनुकेचा देठ खुडला आणि म्हणाले, “जीवनराव तुझी खोली काढून घेतील.”

तिचा हात थांबला. चुलीच्या उजेडात तिचा खालचा ओठ हलताना दिसला. “घेतील,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मला काय भ्याव नाय व्हय गं? लय हाय. पर कुलपातलं पानी त्याच्या पेल्यात घालून मी त्याच्यापुढं कशी उभी ऱ्हाऊ?” आणि लगेच, रोजच्याच आवाजात, “देठ नीट काढ. कडू लागतं.”

मावशीला भीती वाटते हे ऐकून मी आणखीच घाबरले. तोपर्यंत मला वाटायचं की भक्ती करणाऱ्यांची भीती जाते. पत्रकांत तसंच लिहिलेलं असे.

गुरुवारी संध्याकाळी मंदिरात दिवे लागले. आमचे पाद्री, पाळकसाहेब, म्हातारे होते, एका कानानं कमी ऐकायचे आणि बहुतेक गोष्टी पंचांवर सोडून द्यायचे. मेजावर पांढरं कापड, चपातीची भाकर, आणि चांदीचा प्याला. मी पहिल्यांदा येणाऱ्या मुलींच्या रांगेत अगदी पुढे बसले होते. मावशी आणि मी सोडून कुणालाच काही माहीत नव्हतं.

बायकांच्या बाजूनं राहेलमावशी उभी राहिली. आमच्यात बायका मंदिरात बोलत नसत.

“पाळकसाहेब, आधी सांगते, मंग मेज उघडा. पेल्यातलं पानी नासर्डीतलं हाय. पलीकडच्या लोकांच्या झिऱ्यातलं. मी उकळलंय. आपल्या हिरीचं घेतलं नाय. तिला कुलूप हाय.”

एवढं बोलून ती बसली. सगळीकडून कुजबुज उठली. कुणीतरी ‘पटकी’ म्हणालं. एका आईनं पोराला उचलून छातीशी धरलं. जीवनराव पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. “ओतून टाका ते. माणसं मरतील.”

पाळकसाहेबांनी प्याल्यावर आपला सुरकुतलेला तळहात ठेवला. “मेज लागलं आहे जीवनराव,” ते म्हणाले. “आता ते आपलं नाही.” आणि प्याला उचलून ते प्यायले.

पाळकांनंतर पंच, अशी आमची रीत. जीवनरावांनी प्याला दोन्ही हातांत घेतला. डोळे मिटले. पापण्यांतून पाणी आलं. त्यांनी प्याला ओठांना लावला आणि वाकडा केला. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांच्या गळ्याची घाटी हलली नाही. प्याला पुढे गेला आणि त्यांनी रुमालानं ओठ पुसले.

बाबा प्यायले. कितीजण उठून गेले, कितीजण थांबले, ते मी पाहिलं नाही. माझ्या ओठांना गार धातू लागला. आधी गोड लागलं, मग किंचित तुरट, आणि मग दाताखाली वाळूचा बारीक कण आला. तो कण मी थुंकले नाही आणि गिळलाही नाही. घरी जाईपर्यंत जिभेनं धरून ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस पोटात जरा कळ आली की मला वाटे, आली पटकी.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस. दुपारची तीन तासांची उपासना, बाहेर रणरणतं ऊन, आत तापलेल्या कौलांचा वास. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला त्या एकेका उद्गारावर एकेकानं बोलायचं, अशी पद्धत आहे, आणि नावं महिनाभर आधी ठरतात. पाचवा उद्गार तहानेचा. तो जीवनरावांकडे होता.

ते बोलले, आणि फार सुंदर बोलले. हे मला कबूलच करावं लागतं. कोरडी पडलेली जीभ, फाटलेले ओठ, सगळ्यांचं पाणी ज्यानं निर्माण केलं त्यालाच कुणी घोटभर पाणी देईना. त्यांचा आवाज फुटला. ते रडू लागले. उघड्या खिडकीतून विहिरीचा रहाट दिसत होता, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे खिडकीकडे बघत होते.

राहेलमावशी उठली आणि दारातून बाहेर गेली. मग माझ्या आईनं माझा हात घट्ट दाबला, सोडला, आणि तीही उठली. मग आणखी एक. मग दोघी. मला उठायची भीती वाटत होती आणि बसून राहायचीही. तरी मी उठले. बाहेर पाय भाजत होते. बाया घरोघरी जाऊन रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि फाटकापुढे उभ्या राहिल्या. मंदिरातून जीवनरावांचा आवाज तसाच येत होता, तहानेबद्दल.

मग बाबा आले. त्यांनी कुलपाला हातही लावला नाही. वाकून फाटकाच्या खालच्या फळीला दोन्ही हात घातले आणि वर उचललं. फाटक बिजागऱ्यांवरून थोडं सरकलं आणि अडकलं. वस्तीतले आणखी दोघे धावले. तिघांनी मिळून ते कोयंड्यासकट उचकटून काढलं आणि गवतावर आडवं ठेवलं. कुलूप तसंच लागलेलं होतं. पत्रकांच्या माणसानं त्या दिवशी तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

पलीकडच्या काठावर ठकूबाई उभी होती. ती सगळं बघत होती. मग वाळू तुडवत आली, आमच्यापाशी थांबली, आणि ती तोंडाळ बाई इतकं हळू म्हणाली की मला ओठांवरून कळलं: “सलाम वो.”

उपासना संपल्यावर जीवनराव बाहेर आले. डोळे लाल, हात खिशात. त्यांनी रिकाम्या फाटकाकडे पाहिलं, रहाटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. घराची वाट विसरलेल्या माणसासारखे ते तिथं थोडा वेळ उभे होते.

हा विजय नव्हता. पुढे किराणा बंद झाला, बाबांच्या कपाळावर दगडाची खूण राहिली, आणि पावसाळ्यात ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून राहेलमावशीची खोली पंचांनी घेतली ती परत दिली नाही. ती आमच्याकडे आली, पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये. पटकी आली नाही. पण माझी भीती गेली नाही, फक्त तिनं जागा बदलली. दगडाला मी आता तेवढी भीत नाही. मी भिते ती जीवनरावांच्या अश्रूंना. कारण ते खरे होते. मी अगदी जवळून पाहिले आहेत ते. माझ्या तोंडपाठ पत्रकात खोट्या शिष्याचे डोळे कोरडे असतात. ते साफ खोटं आहे! माणसाचं काळीज खरोखर तुटू शकतं, आणि तरी किल्ली खिशातच राहू शकते. मग आपलं आपल्याला कसं कळावं?

आता वारं फिरलं आहे. पलीकडची माणसं जुना धर्म सोडायचं बोलतात, आणि सगळे त्यांच्या दारात हार घेऊन जाऊ लागले आहेत. आमची पत्रकंही जातात. बाबा थकले, म्हणून ती आता मी लिहिते. त्यांत उद्गारचिन्हं पुष्कळ असतात. परवा ठकूबाईच्या नातवानं तिला एक वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, “पोरी, तुमच्यात आलो तर चावी कुनाकडं ऱ्हाईल?”

मी म्हणाले, “आता तिथं फाटकच नाही, आजी.”

ते परवा होतं. आज हातोडा चालू आहे.

नवे पंच भले आहेत. आमच्याच शाळेत शिकलेले, हसतमुख. गुरं खरंच आत येतात. कदाचित फाटकाला कुलूप नसेलही. हे मी स्वतःला सकाळपासून सांगते आहे, आणि मनुका कोरड्याच आहेत. राहेलमावशीच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे, हात कापतात, म्हणून यंदा प्याला मी करायचा आहे. ती कोपऱ्यात चटईवर बसली आहे. हातोड्याचा आवाज आत्ताच थांबला. तिनं मान वर केली, तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं:

“पानी कुठलं घेनार गं?”

मी घागर उचलली आहे. घसा कोरडा आहे. आधी विहिरीकडे जाते. फाटकाला कुलूप असलं, तर नासर्डी काही फार लांब नाही.